सबवूफर जळतो तेव्हा कानाचे काय होते?

उत्सव-जयंत्यांचा आणि लग्नसराईचा हंगाम सरला की ध्वनियंत्रणेच्या दुरुस्तीच्या दुकानांत अठरा इंची स्पीकर येऊन पडू लागतात. कुणाची कॉइल जळालेली असते, कुणाचा कोन फाटलेला असतो, कुणाचा स्पीकर वरून ठणठणीत दिसतो पण वाजताना खरखरतो. मालकाची तक्रार ठरलेली असते, ‘माल हलका निघाला.’ बहुतेक वेळा माल हलका नसतो, वापर जड झालेला असतो.

आरोग्याच्या सदरात स्पीकरची चर्चा कशाला, असे कुणालाही वाटेल. पण ज्या रात्री, ज्या आवाजाने आणि ज्या सवयीमुळे सबवूफर जळतो, त्याच रात्री त्याच कारणाने कानालाही इजा होते. स्पीकरमधून धूर निघतो, वास येतो, आवाज बंद पडतो. म्हणून त्याची दखल लगेच घेतली जाते. कानाचे नुकसान बिनधुराचे असते. ते लक्षात येते तेव्हा काही वर्षे उलटून गेलेली असतात.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न अधिक गंभीर आहे. टाळांच्या नावावरून ‘टाळगाव चिखली’ म्हणून ओळखले जाणारे गाव आज तळवडे, भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांचे उपनगर झाले आहे. येथील कित्येकांचा कान दिवसभर प्रेस, ग्राइंडर आणि कॉम्प्रेसरचा आवाज सोसतो आणि उत्सवात तोच कान बेसच्या भिंतीसमोर उभा राहतो. त्याला मधे विश्रांती मिळतच नाही.

हजार वॉटची इस्त्री

सबवूफर म्हणजे फक्त खर्जातला, साधारण वीस ते दोनशे हर्ट्झमधला आवाज काढणारा स्पीकर. त्याच्या पोटात लोहचुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे एक वेटोळे असते. ही व्हॉइस कॉइल. अॅम्प्लिफायरचा प्रवाह तिच्यातून गेला की ती पुढे-मागे हलते, तिला चिकटवलेला कोन हलतो आणि हवा ढकलली जाते. कॉइल फटीच्या मधोमध राहावी म्हणून मागे ‘स्पायडर’ नावाची कापडी चुणीदार चकती असते आणि कोनाच्या कडेला लवचिक किनार असते.

या यंत्राचा एक स्वभाव फारसा ठाऊक नसतो. स्पीकरला दिलेल्या विजेपैकी फार थोडी आवाजात बदलते. बहुतेक स्पीकरमध्ये हा वाटा शंभरात दोन ते पाच इतकाच असतो आणि उरलेली सगळी वीज उष्णता होते. म्हणजे हजार वॉट मिळणाऱ्या सबवूफरमध्ये साडेनऊशेच्या आसपास वॉट त्या तारेच्या वेटोळ्याला तापवत असतात. कपड्यांची इस्त्रीही साधारण हजार वॉटचीच असते. फरक एवढाच, की इस्त्री तापली की आपोआप बंद होते. कॉइलला तशी सोय नसते.

तापमान दोनशे अंशांच्या पुढे गेले की तारेवरचे इनॅमल आणि वेढे धरून ठेवणारा चिकटपदार्थ यांची परीक्षा सुरू होते. चिकटा सुटला की वेढे सैल होऊन फटीत घासतात; तीच खरखर. इनॅमल गेले की वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट होतात किंवा तार तुटते. मग स्पीकर ‘गेला’ असे म्हणतात.

पाठीवर छापलेल्या वॉटच्या आकड्यावर विसंबणे हीसुद्धा एक चूक आहे. एकाच स्पीकरवर ‘आरएमएस’, ‘प्रोग्रॅम’ आणि ‘पीक’ असे वेगवेगळे आकडे असतात आणि विक्रीत सर्वांत मोठा आकडा पुढे केला जातो. कंपन्या वापरत असलेल्या एईएस मानकाची जुनी आणि रूढ चाचणी दोन तासांची आहे. विसर्जनाची मिरवणूक दोन तासांत संपत नाही.

तापलेली कॉइल आणि थकलेला कान

तांब्याचा एक गुणधर्म येथे घात करतो. तांबे तापले की त्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. कॉइल दोनशे अंशांनी तापली तर रोध जवळजवळ पाऊणपट वाढतो, प्रवाह घटतो आणि त्याच बटणावर आवाज तीन ते पाच डेसिबलने खाली येऊ शकतो. ध्वनिशास्त्रात याला ‘पॉवर कॉम्प्रेशन’ म्हणतात. साउंड सांभाळणाऱ्याला इतकेच जाणवते की बेस पडला. तो बटण वर नेतो. तीन डेसिबल वाढवायचे तर दुप्पट वीज लागते. आधीच तापलेल्या कॉइलवर दुप्पट भार येतो, ती आणखी तापते आणि आवाज पुन्हा पडतो.

त्याच वेळी त्याच्या कानातही असेच काही घडत असते. आतल्या कानातील शंखाच्या आकाराच्या कॉक्लियात सुमारे साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजार बाहेरच्या केसपेशी असतात. मोठ्या आवाजाच्या सततच्या माऱ्याने त्या थकतात आणि ऐकण्याचा उंबरठा तात्पुरता वर सरकतो. तासाभरापूर्वी ‘पुरेसा’ वाटणारा आवाज आता कमी वाटू लागतो. मिरवणुकीनंतर कानात दडे बसल्यासारखे वाटते, शिटी वाजल्यासारखा आवाज येतो, तो याच थकव्याचा पुरावा.

तापलेली कॉइल कमी वाजते आणि थकलेला कान कमी ऐकतो. दोन्ही थकवे हाताला एकाच दिशेने ढकलतात, बटण वर करण्याच्या. म्हणून रात्री दहा वाजताचा आवाज संध्याकाळच्या सातच्या आवाजापेक्षा जास्त असतो आणि तो वाढल्याचे वाढवणाऱ्याला कळतही नाही. ‘कानाने ऐकून लावतो’ हा अनुभवी साउंडवाल्याचा अभिमान पहिल्या अर्ध्या तासापुरता खरा असतो. त्यानंतर भरवसा आकड्यावर ठेवावा लागतो.

कोन फाटतो तो कशाने?

उष्णतेखेरीज दुसरे कारण यांत्रिक आहे. आवाज तेवढाच ठेवून स्वर एका सप्तकाने खाली नेला, म्हणजे साठ हर्ट्झऐवजी तीस हर्ट्झ वाजवायचे झाले, तर कोनाला चौपट अंतर हलावे लागते. छिद्र असलेल्या बेसच्या पेटीत आणखी एक गोम असते. पेटी ज्या कंपनसंख्येला जुळवलेली असते, तिच्याखाली हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलू लागतो. कॉइल मागच्या लोखंडी पाटावर आदळते, स्पायडर फाटतो, किनार उसवते. त्या पट्टीतले स्वर ऐकूही फारसे येत नाहीत, पण स्पीकर मोडायला ते पुरेसे असतात.

तिसरे कारण क्लिपिंग. अॅम्प्लिफायरकडून त्याच्या ताकदीपेक्षा जास्त मागितले की लहरीचा माथा छाटला जातो आणि ती गोल न राहता चौकोनी होऊ लागते. तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीपेक्षा चौकोनी लहरीत दुप्पट शक्ती असते, म्हणून ‘अॅम्प लहान आहे, स्पीकरला काय होणार’ हा समज धोक्याचा आहे. टेम्पोवरचा जनरेटर अपुरा असेल, केबल बारीक असेल, तर दाब पडतो आणि क्लिपिंग लवकर सुरू होते. अॅम्प्लिफायर बिघडून त्यातून थेट डीसी प्रवाह आला तर कोन एका बाजूला ताठ होऊन अडकतो आणि कॉइल काही क्षणांत जळते.

चौथे कारण या परिसरात विशेष लक्ष देण्याजोगे आहे. स्पीकर अनेकदा फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये किंवा भंगाराच्या गोदामाशेजारी ठेवले जातात. लोखंडाची बारीक भुकटी चुंबकाकडे ओढली जाते, फटीत शिरते आणि कॉइल खरवडते. भाद्रपदातल्या पावसात भिजलेला कागदी कोन मऊ पडतो, तो वेगळाच.

स्पीकर वाचवायचा तर

उपाय महागडे नाहीत. त्यांना शिस्त लागते.

पहिला उपाय लिमिटर. आजच्या बहुतेक डिजिटल प्रोसेसरमध्ये तो असतोच. स्पीकरच्या आरएमएस क्षमतेनुसार तो लावावा आणि कुलूपबंद करावा, म्हणजे रात्रीच्या भरात कुणी फिरवू शकणार नाही. दुसरा, पेटीच्या जुळणीखालचे स्वर कापणारा हाय-पास फिल्टर. मिरवणुकीच्या सबवूफरना तो बहुधा तीस ते चाळीस हर्ट्झच्या दरम्यान लागतो. तिसरा, मिक्सरपासून अॅम्पपर्यंत कुठेही लाल दिवा टिकू न देणे. इक्वलायझरवर बेस सहा डेसिबलने वर ढकलणे म्हणजे त्या पट्टीत चौपट वीज मागणे, हे लक्षात ठेवावे.

चौथा उपाय जोडणीचा. दोन पेट्यांपैकी एकीची प्लस-मायनस उलटी जोडली गेली तर दोघींचा खर्ज एकमेकांना मारतो, बेस येत नाही म्हणून आवाज वाढवला जातो आणि दोन्ही जळतात. आठ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडले की भार दोन ओहम होतो. अॅम्प तेवढा सोसणारा आहे का, ते आधी पाहावे. पाचवा उपाय विश्रांतीचा. आवाज थांबला की कॉइल लवकर निवते, पण तापलेले चुंबक निवायला बराच वेळ घेते. तासाला दहा-पंधरा मिनिटे थांबल्याने स्पीकरचे आयुष्य वाढते.

कार्यक्रमाआधी दोन तपासण्या पुरतात. कोनावर दोन्ही तळहात सारखे टेकवून हलकेच दाबावे. खरखर जाणवली तर तो स्पीकर लावू नये. मल्टीमीटरवर आठ ओहमचा स्पीकर साधारण पाच ते सात ओहम दाखवतो. आकडा फार खाली असेल किंवा येतच नसेल तर कॉइल गेली आहे. घरातल्या होम थिएटरला आणि मोटारीतल्या बेस बॉक्सलाही हेच लागू आहे. जळका वास, पडलेला बेस किंवा फाटका आवाज आला की आधी बटण खाली आणावे.

कॉइल वाचली, पण कान?

येथे एक गफलत होण्याचा संभव आहे. स्पीकरसाठी लावलेला लिमिटर स्पीकर वाचवतो. माणसाला वाचवतोच असे नाही. चांगल्या प्रतीची यंत्रणा आपल्या मर्यादेत राहूनही शंभर-एकशेदहा डेसिबलच्या वर सहज जाते. स्पीकर थंड ठेवण्यासाठी पेट्या दुप्पट केल्या, तर स्पीकरचे भले होते आणि समोर उभ्या असलेल्या पोराचे नुकसान वाढते. म्हणून लिमिटरचे आकडे दोन हवेत, एक कॉइलसाठी आणि दुसरा, त्याहून बराच खालचा, माणसासाठी.

जळालेली कॉइल बदलून मिळते. माणसाच्या कॉक्लियातील मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. सुरुवातीला चार हजार हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे घटते. बोलणे ऐकू येते, पण गर्दीत शब्द स्पष्ट कळत नाहीत. ऐकणे परत आले म्हणजे सगळे ठीक झाले, असेही नाही. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ साली उंदरांवरील प्रयोगात दाखवले की, ऐकण्याचा उंबरठा पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि श्रवण-मज्जातंतू यांच्यातील जोडण्या कायमच्या तुटलेल्या राहू शकतात.

यात खर्जाचा वाटा किती, हेही नेमके समजून घ्यावे. तेवढ्याच डेसिबलचा खर्ज केसपेशींना मध्यम आणि तार स्वरांपेक्षा कमी इजा करतो. पण बेस वाढला की तो ‘झाकू नये’ म्हणून वरचे टॉपही वाढवले जातात आणि कानाला खरा मार त्यांचा बसतो. खर्जाचा त्रास वेगळ्या जातीचा आहे. पन्नास हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर असते. ती इमारतींना वळसा घालते, भिंती-खिडक्यांतून आत शिरते. कानात कापूस घालून ती थांबत नाही. छाती दणाणते, झोप मोडते, नाडी आणि रक्तदाब चढतो. हृदयविकाराचे रुग्ण, नुकती शस्त्रक्रिया झालेले, तान्ही बाळे आणि त्यांच्या बाळंतिणी यांना त्याची झळ मिरवणुकीत पाऊल न टाकताही बसते.

मीटर काय दाखवतो?

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल (ए) ही मर्यादा आहे. सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपक लावल्यास त्या जागेच्या सीमेवर परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५, यांतील जो आकडा कमी असेल तो पाळावा लागतो. रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. राज्य सरकार वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६मध्ये या नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीवर बोट ठेवले.

पण यातील ‘ए’ हे अक्षर महत्त्वाचे आहे. मानवी कान खर्जाला कमी संवेदनशील असल्यामुळे ‘ए’ मोजणीत खर्जाचे माप मुद्दाम कमी धरले जाते. ६३ हर्ट्झला ही वजावट २६ डेसिबलची आहे. म्हणजे ६३ हर्ट्झचा शंभर डेसिबलचा ठोका मीटरवर फक्त ७४ दिसतो. बहिरेपणाचा धोका मोजायला ‘ए’ योग्य आहे. पण शेजारच्या घरातली भांडी का वाजतात आणि आजोबांना झोप का लागत नाही, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी बहुतेक चांगल्या मीटरमध्ये असलेली ‘सी’ मोजणीही नोंदवायला हवी. मोबाइलमधल्या अॅपवर मात्र खर्जासाठी विसंबू नये. त्याचा मायक्रोफोन त्या कामासाठी बनवलेला नसतो.

कारखान्यात नियम, रस्त्यावर काय?

कारखान्यांसाठीच्या नियमांत आवाजाच्या संपर्काचे तास ठरलेले आहेत. ९० डेसिबल (ए)ला आठ तास, १००ला दोन तास, ११०ला अर्धा तास, ११५ला पाव तास आणि त्यापुढे संरक्षणाशिवाय अजिबात नाही. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कारखाने अधिनियम, १९४८च्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदलेला होता. जगातील अनेक देश तर ८५ डेसिबल हीच आठ तासांची मर्यादा मानतात.

आता हाच तक्ता मिरवणुकीला लावून पाहावा. बेसच्या भिंतीजवळ ११० डेसिबल असेल तर कारखान्याच्या हिशेबाने अर्ध्या तासात दिवसाचा वाटा संपतो. मिरवणूक सहा-आठ तास चालते. नाचणारा निदान अधूनमधून बाजूला होतो. टेम्पोवर जनरेटरशेजारी बसलेला, केबल सांभाळणारा, पेट्या चढवणारा मुलगा मात्र पूर्ण वेळ तेथेच असतो आणि हंगामात रात्रीमागून रात्री असतो. त्याला इअरप्लग मिळत नाही, त्याची श्रवणचाचणी होत नाही, त्याच्या बहिरेपणाची नोंद कुठल्याही अनुसूचीत होत नाही. आवाजाची चर्चा मंडळे विरुद्ध पोलिस अशी रंगते. हा मुलगा त्या चर्चेत नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीताच्या ठिकाणांसाठी जाहीर केलेल्या मानकात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबल (ए)पेक्षा जास्त नसावी, असे म्हटले आहे. ही इष्ट पातळी नव्हे, कमाल मर्यादा आहे आणि आपल्याकडच्या रस्त्यांना लागू असलेले नियम त्याहून कडक आहेत. पण त्या मानकातल्या इतर गोष्टी सहज उचलण्यासारख्या आहेत. आवाजाची सतत नोंद ठेवणे, श्रोत्यांना इअरप्लग उपलब्ध करणे, शांत जागा राखणे आणि यंत्रणा चालवणाऱ्यांना प्रशिक्षण देणे, या त्या गोष्टी.

काय करता येईल?

मंडळांनी साउंडची सुपारी देताना करारातच आवाजाची कमाल पातळी आणि कुलूपबंद लिमिटरची अट घालावी. त्यात साउंडवाल्याचाही फायदा आहे. ‘अजून वाढव’ म्हणणाऱ्यांना दाखवायला त्याच्या हाती कागद राहतो आणि त्याचे स्पीकरही वाचतात. भिंतीपासून काही मीटरवर दोरी धरावी आणि दोरीच्या आत लहान मुले येऊ देऊ नयेत. दर तासाला यंत्रणा थांबवून त्या वेळात टाळ-मृदंग किंवा लेझीम चालू द्यावे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात आवाज बंद ठेवावा. टेम्पोवरच्या प्रत्येक मदतनिसाला इअरप्लग देणे ही मालकाची जबाबदारी मानावी. वर्षातून एकदा त्याची ऑडिओमेट्री करून घ्यावी.

कामगारांनी एक सोपी गोष्ट करावी. कंपनीने दिलेला फोमचा इअरप्लग लॉकरमध्ये न ठेवता मिरवणुकीला जाताना खिशात टाकावा. तो चिमटीत बारीक करून, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढून आत बसवावा आणि फुगेपर्यंत धरून ठेवावा. नुसता दारात अडकवला तर उपयोग नाही. मिरवणुकीनंतर निदान एक दिवस कानाला शांतता द्यावी. हेडफोन लावू नये. कानातला आवाज दोन दिवसांनंतरही राहिला तर कान-नाक-घसा विभागात दाखवावे. एका कानाचे ऐकू येणे अचानक बंद झाले तर एक दिवसही थांबू नये, कारण त्यावरचे औषध जितक्या लवकर सुरू होईल तितकी आशा अधिक असते. कानात तेल घालून वाट पाहू नये.

गावोगावी अशा भिंतींना ‘डॉल्बी’ म्हणण्याची रीत आहे. १९६५ साली स्थापन झालेल्या डॉल्बी प्रयोगशाळेची पहिली ख्याती मात्र ध्वनिमुद्रणातला अनावश्यक गोंगाट कमी करण्याच्या तंत्राबद्दल होती. आपल्या उत्सवांना गरज आहे ती त्या मूळ अर्थाची. स्वच्छ वाजणारी, मर्यादेत राहणारी यंत्रणा दुसऱ्या दिवशीही वाजते आणि तिच्यासमोर नाचलेल्याला दुसऱ्या दिवशी कारखान्यात यंत्राचा बदललेला सूर, मागून आलेल्या फोर्कलिफ्टचा भोंगा ऐकू येतो. चिखलीसारख्या कामगारवस्तीत त्या ऐकण्यावर हात-पाय शाबूत राहणे अवलंबून असते. यंदाची सुपारी ठरवताना मंडळांनी पेट्यांच्या संख्येआधी लिमिटरचा आकडा विचारावा.